फेटा बांधला, फोटो काढला, पुढं काय?

प्रश्न : ताई, मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. गाव तासगाव तालुक्यातलं. आमच्या कॉलेजात परदेशातली काही मुलं आहेत : इथिओपियाची एक मुलगी, टांझानियाचा एक मुलगा आणि नेपाळचे तिघं. गेल्या वर्षी गॅदरिंगला मुलांना फेटे बांधले, मुलीला नऊवारी नेसवली, स्टेजवर उभं करून फोटो काढले, पेपरला बातमीही आली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याशी कुणी बोलेना. इथिओपियाची मुलगी मेसमध्ये एकटीच जेवते. यंदा सांस्कृतिक आदानप्रदान दिनाची जबाबदारी माझ्यावर आणि दोन मैत्रिणींवर आहे आणि मला पुन्हा तेच करायचं नाही. पण माझी शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी बोलताना घाम फुटतो. काही भलतंच विचारलं गेलं तर? एका मित्रानं तिला ‘तुमच्याकडं घराजवळ सिंह येतात का’ असं विचारलं आणि ती ताट घेऊन उठून गेली. रूममेट म्हणते, आपण बरं नि आपला अभ्यास बरा. दिवाळीत तिला घरी न्यावं असं मनात आहे, पण आई बिचकते. काय करू? – सायली (नाव बदललं आहे)

सायली,

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते ‘दुसऱ्या दिवसापासून’. फेटा बांधण्यात वाईट काही नाही. आपल्याकडं पाहुण्याला फेटा बांधतात तो मान म्हणूनच. पण ही मुलं चार वर्षं तुमच्यातच राहणार आहेत. एकाच मेसमध्ये जेवणाऱ्या, एकाच सबमिशनसाठी रात्र जागणाऱ्या मुलीला कायम पाहुणी करून ठेवलं, तर तिनं तुमच्यासाठी काही करायचं कधी? म्हणून माझं सांगणं एवढंच, की तिच्याकडून काहीतरी घे. मदत घे, तिच्या हातचं खा, तिला येतं ते शिकून घे. नुसती तूच देत राहिलीस तर ती तुझे आभार मानेल, पण मैत्रीण व्हायची नाही.

आधी इंग्रजीचं बघू. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते आणि माध्यमिक शाळेत गेलं की सगळे विषय एकदम इंग्रजीत येतात. इथिओपियातही लहान मुलं अम्हारिक, ओरोमो, तिग्रिन्या अशा आपापल्या भागातल्या भाषेत शिकतात आणि माध्यमिकला इंग्रजी माध्यम सुरू होतं. म्हणजे ही दोघं बहुतेक तुझ्याच वाटेनं आलेली आहेत. अकरावी सायन्सच्या पहिल्या आठवड्यात तुझी जी तारांबळ उडाली असेल, ती त्यांची त्यांच्या देशात आधीच उडून गेली आहे. तेव्हा तोडकंमोडकं बोल. शब्द अडला तर वहीत चित्र काढ. दोघींचं इंग्रजी बेताचं असलं की दोघी सावकाश बोलतात, आणि सावकाश बोललं की समोरच्याचं नीट ऐकलंही जातं.

सुरुवात गप्पांनी करूच नकोस, गणितानं कर. दुसऱ्या वर्षाला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, कुणाला छळत नाही? तिला कुठला विषय चांगला येतो ते वर्गात कळतंच. एखादं अडलेलं गणित घेऊन सरळ तिच्या टेबलावर जा आणि ‘हे मला जमत नाहीये, बघतेस का’ म्हण. तिला जमलं तर ती शिकवील, नाही जमलं तर दोघी मिळून डोकं खाजवाल. अशा वेळी काय बोलायचं हा प्रश्नच पडत नाही.

भलता प्रश्न विचारला जाईल ही तुझी भीती मात्र रास्त आहे. सिंहाच्या प्रश्नात तिला लागलं असणार ते असं, की विचारणाऱ्याला ती कुठल्या गावची, कुठल्या घरातली याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आफ्रिकेत ५४ देश आहेत. ती अदीस अबाबाची असेल तर ते शहर समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंचावर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही कितीतरी वर. आफ्रिकन युनियनचं मुख्यालय तिथं आहे, रस्त्यावर बसची गर्दी आहे. तिथल्या मुलीला एप्रिलमधली सांगली कशी सोसत असेल ते विचार. तो प्रश्न तिच्याबद्दलचा होईल. कोल्हापूरहून आलेल्या नव्या मुलीला तू जे विचारशील तेच तिलाही विचार : गाव कुठलं, घरी कोण कोण, इंजिनिअरिंगला कशी आलीस, घरची आठवण कधी येते. आणि ती जे विचारील त्याची खरी उत्तरं दे. आपल्याकडं लग्नं कशी ठरतात, जात म्हणजे काय, २०१९ च्या महापुरात सांगलीत नेमकं काय झालं, हे ती विचारीलच. तेव्हा शहराची जाहिरात केल्यासारखं बोलू नकोस. आपलं दुखरंही सांगितलंस तर तिलाही तिच्याकडचं सांगता येईल. तिच्या देशात अलीकडं उत्तरेकडच्या तिग्राय भागात मोठं युद्ध झालं, २०२० ते २०२२. त्याबद्दल तू होऊन विचारू नकोस. ती बोलली तर मध्ये न तोडता ऐक.

एक गोष्ट तुझ्या त्या मित्रालाही सांग. मलिक अंबर आपण शाळेत शिकतो तो इथिओपियात जन्मलेला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, विकला जात जात दख्खनेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. आजच्या छत्रपती संभाजीनगरची मूळ वस्ती, खडकी, त्यानं वसवली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी त्याच लढाईत कामी आले. आपल्या इतिहासात इतक्या आत असलेल्या मुलखाची मुलगी समोर बसते आणि आपल्याला सिंह आठवतो, हे मला फार लागतं. ही माहिती तिला ऐकवून छाप पाडायची गरज नाही. वर्गात, होस्टेलवर कुणी ‘हबशी’ म्हणून हसलं तर तिथल्या तिथं थांबव. तिच्या रंगावर काहीही बोलायचं नाही, अगदी कौतुकानंही नाही. केसांना हात लावायचा नाही आणि न विचारता फोटो काढायचा नाही. एवढं तुमच्या तिघींनी कार्यक्रमाआधी वर्गाला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

आता त्या दिवसाचं. स्टेज नको. एक मोठी खोली घ्या, सतरंज्या अंथरा आणि ती तयार असेल तर तिला कॉफी करायला सांगा. इथिओपियात कॉफी दोन मिनिटांत उरकत नाही. कच्च्या बिया धुऊन तव्यावर भाजतात. भाजताना धूर उठला की तो तवा बसलेल्यांच्या पुढून फिरवतात, म्हणजे प्रत्येकाला वास घेता येतो. मग बिया कुटतात आणि जेबेना नावाच्या उंच मानेच्या मातीच्या भांड्यात उकळतात. शेजारी धूप जळत असतो. खायला मक्याच्या लाह्या असतात. आपल्या शिराळ्याकडं नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या असतात तशाच, फक्त धान्य निराळं. कॉफी कान नसलेल्या छोट्या कपांत ओततात, आणि तीही तीनदा. त्याच पुडीवर पाणी घालून पुन्हा उकळायचं, त्यामुळं दर वेळी ती थोडी फिकी होत जाते. तिन्ही वेळांना नावं आहेत : अबोल, तोना, बरका. पहिला कप पिऊन उठून जाणं चांगलं दिसत नाही. या सगळ्याला तास-दीड तास सहज लागतो आणि तेवढा वेळ माणसं एका जागी बसून बोलतात. तुमच्या दिवसाला आणखी काय हवं? कच्च्या बिया ऑनलाईन मिळतात. जेबेना नसेल तर कशात उकळायचं ते ती सांगेल. आणि तिथं हुकूम तिचा चालू दे. पाणी कुणी आणायचं, कुटायला कुणी बसायचं, हे तिनं सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं. तिच्या घरी हे काम आई-आजीच करत असेल आणि तिला येत नसेल, असंही असू शकतं. मग नेटानं आग्रह करू नका. तिला काय करून दाखवावंसं वाटतं ते विचारा.

जेवणाचं थोडं सविस्तर सांगते, कारण मेसमध्ये ती एकटी बसते त्यामागं जेवणाचंही काही असू शकेल. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी मांस, अंडी, दूध, दही, लोणी यांतलं काही खात नाहीत. ईस्टरच्या आधी तर हा उपास पन्नासहून जास्त दिवस चालतो. आपल्या उपासाला दूध-दही चालतं, नव्हे लागतंच; त्यांच्या उपासाला तेच वर्ज्य. ती बुधवारी ताकाची वाटी बाजूला सारत असेल तर मेसच्या मावशींना वाटणार, हिला आपलं जेवण आवडत नाही. ती मुसलमान असेल तर गोष्टच वेगळी. तिथं मुसलमानही खूप आहेत. तेव्हा अंदाज बांधण्यापेक्षा विचार आणि तिला चालत असेल तर मावशींच्या कानावर घाल. बरं, तिच्याकडं शिरो नावाचं एक कालवण असतं : हरभऱ्यासारख्या कडधान्याचं मसाला घातलेलं पीठ पाण्यात रटरट शिजवायचं. म्हणजे आपलं पिठलंच. मेसला पिठलं असेल त्या दिवशी तिच्या शेजारी बसायला याहून चांगलं निमित्त नाही. अलिचा नावाच्या सौम्य कालवणात हळद घालतात. तिला एकदा मार्केट यार्डात हळदीचे सौदे दाखवायला ने, आणि हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद कशी साठवत आले ते जुन्या माणसांकडून ऐकव.

एक अडचण येईल, ती आत्ताच सांगून ठेवते. त्यांच्याकडं इंजेरा नावाची मोठी, जाळीदार, आंबवलेल्या पिठाची आंबोळीसारखी पोळी असते. तिच्यावरच सगळी कालवणं वाढतात आणि घरातले सगळे त्या एकाच ताटातून उजव्या हातानं जेवतात. माया दाखवायला एकमेकांना घासही भरवतात. घास भरवणं आपल्याला नवं नाही, पण एका ताटात जेवायचं म्हटलं की आपल्याकडं उष्टं-खरकटं आडवं येतं. तुला नसेल, तुझ्या आजीला नक्की येईल. तेव्हा काहीतरी बहाणा करून मागं सरकू नकोस. ‘आमच्याकडं एका ताटात जेवत नाहीत, मला सवय नाही, पण तू भरवलास तर घास घेईन’ असं सरळ म्हण. ती समजून घेईल, कारण तिच्याही मनात अशा गोष्टी असतील : आपल्या मेसमध्ये सगळं इतकं भराभर का उरकतात, आपण शेजारी येऊन न बोलता का जेवतो. तिच्या घरी गोमांस खात असतील आणि ती त्याबद्दल सहज बोलेल. तोंड वाकडं करायचं नाही. तू खात नाहीस एवढं सांगितलंस की पुरे.

त्या दिवशी खोलीत एका भिंतीवर सगळ्यांची कॅलेंडरं लावा, हे मला फार आवडेल. २०२६ चा जानेवारी घे. त्या महिन्यात इथिओपियात २०१८ साल चालू होतं, नेपाळात विक्रम संवत २०८२ आणि आपल्या पंचांगात शके १९४७. इथिओपियाच्या वर्षाला तेरा महिने असतात. बारा महिने तीस तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. घड्याळही निराळं. इथिओपियात आणि स्वाहिली बोलणाऱ्यांत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात त्यांचा एक. प्रत्येकानं आपलं कॅलेंडर उभं राहून समजावून सांगायचं, आपल्या मुलांनीही. अधिक महिना का येतो हे तुमच्यातल्या किती जणांना सांगता येईल? त्यासाठी आजीला फोन लावावा लागेल, आणि लावाच. आपली गोष्ट दुसऱ्याला सांगायची वेळ आली की आपल्यालाच ती किती कमी माहीत आहे ते कळतं.

त्या आठवड्यात एक दिवस सगळ्यांनी मिरजेला जा, सतारमेकर गल्लीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कामं तिथं लहान लहान दुकानांतून होतात. मी एकदा केनियाच्या एका मुलाला घेऊन गेले होते. कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानशीचा एक हलका हात फिरवायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा कानस. नाद मोकळा होईपर्यंत हेच चालू. मुलगा आधी दारातच उभा होता. मग त्याची नजर कोपऱ्यात रचलेल्या भोपळ्यांवर गेली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात ते, वाळलेले, मोठाले. तो सरळ आत गेला, एक भोपळा उचलला, बोटानं टकटक वाजवला आणि म्हणाला, आमच्या घरी यात दूध ठेवतात. कारागिरांनी कानस खाली ठेवली. दूध नासत नाही का? मुलानं सांगितलं, आजी ठरावीक झाडाची काठी जाळून त्या कोळशानं भोपळा आतून घासते, मग दूध टिकतं आणि चवही येते. कारागिरांनी लगेच विचारलं, कीड लागत नाही? कुठलं झाड? साल किती जाड असते? मी दोघांमध्ये दुभाष्याचं काम करत होते, पण थोड्या वेळानं ते हातवाऱ्यांनीच बोलायला लागले आणि माझी गरज उरली नाही. त्यानं तिथल्या माणसाला काहीतरी सांगितलं, जे त्या माणसाच्या कामाचं होतं. परत येताना तो बसमध्ये पहिल्यांदा आपल्या आजीबद्दल बोलला. म्हणून म्हणते, त्यांना नुसतं दाखवायला नेऊ नका. हाताला काम असेल, विचारायला माणूस असेल अशा जागी न्या. फक्त आधी फोन करून वेळ ठरवा आणि तीस जणांचा घोळका नेऊ नका. त्या दुकानांत पाच-सहा माणसंच मावतात.

नेपाळच्या तिघांबद्दल तू पत्रात एवढीच ओळ लिहिलीस. असंच होतं. ते हिंदी बोलतात, दिसायला फार परके वाटत नाहीत, म्हणून ते परदेशी आहेत हे कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि ‘बहादूर’ म्हणून हाक मारायला मात्र सगळे पुढं. ती हाक आधी बंद करा. १९५० च्या करारामुळं नेपाळी माणसाला भारतात यायला व्हिसा लागत नाही, म्हणून त्यांना ना कुणी विमानतळावर घ्यायला जातं, ना कुणी त्यांच्या स्वागताचा कार्यक्रम करतं. आपल्या नवरात्रात त्यांचा दशैं असतो, त्यांच्या वर्षातला सगळ्यात मोठा सण. घरची थोरली माणसं दही-तांदूळ-अबिराचा टिळा लावतात, त्यासाठी लोक लांबून गावी जातात. आणि नेमकं तेव्हा आपल्याकडं सबमिशन. तिहार आपल्या दिवाळीबरोबर येतो. त्यात एक दिवस कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा करतात आणि शेवट भाऊबीजेनं, तिथं तिला भाइटीका म्हणतात. तुमच्या होस्टेलच्या गेटवर कुत्री असतीलच. त्या दिवशी हार आणायचं काम त्या तिघांवर सोपव आणि तू त्यांच्याबरोबर जा.

टांझानियाच्या मुलाचं तू फार काही लिहिलं नाहीस, तेव्हा मीही थोडंच सांगते. त्याच्याकडं थोरामोठ्यांना भेटलं की ‘शिकामो’ म्हणतात आणि मोठं माणूस ‘मराहाबा’ म्हणून उत्तर देतं. वयाचा मान आपल्यासारखाच. चपाती आणि चहा त्याच्या रोजच्या खाण्यातले. मेसमधला आमटी-भात त्याला कदाचित तुझ्या अंदाजापेक्षा जवळचा वाटत असेल. क्रिकेटच्या नादात त्याला फुटबॉलला जोडीदार मिळतात का ते मात्र तुमच्या वर्गातल्या मुलांना विचार. ते काम तुझ्यापेक्षा त्यांचं.

आता दिवाळी. दिवाळीच्या सुट्टीत होस्टेल रिकामं होतं, मेस बंद होते आणि लांबच्या देशातली मुलं रिकाम्या कॉरिडॉरमध्ये बिस्किटांवर दिवस काढतात. वर्षातला तो त्यांचा सगळ्यात एकटा आठवडा. गॅदरिंगच्या सगळ्या कार्यक्रमांपेक्षा तुझी ही कल्पना मोलाची आहे. आईचं बिचकणं मला समजतं. तिला बहुतेक जेवण, भाषा आणि शेजारी काय म्हणतील याची काळजी असेल. तिला सांग, रोटरीच्या युवा आदानप्रदान कार्यक्रमात परदेशातली शाळकरी मुलं कित्येक महिने इथल्या कुटुंबांत राहतात, घरच्या पोरांसारखी राहतात आणि घरातली कामंही करतात. आईला इंग्रजी येत नाही हे बरंच आहे. करंजीला मुरड घालायला कुठं इंग्रजी लागतं? मुलीला मोरीजवळची खोली आणि बसायला खुर्ची देऊन पाहुणचार करत बसण्यापेक्षा आईनं तिला पोळपाट द्यावा, आणि एक दिवस चूल तिच्या हाती द्यावी. घराला न विचारता मात्र तिला शब्द देऊ नकोस. आधी एखाद्या रविवारी नुसतं जेवायला ने. सकाळी निघून संध्याकाळी होस्टेलला परत. आईनं तिला एकदा पाहिलं की निम्मी भीती जाते.

रात्री मुक्काम असेल तर एक कायदेशीर बाब आहे, ती टाळू नका. परदेशी माणूस घरी राहायला आला की यजमानानं २४ तासांच्या आत ते ऑनलाईन कळवायचं असतं. त्याला पूर्वी सी-फॉर्म म्हणत, २०२५ च्या नव्या नियमांपासून तो फॉर्म-३ झाला. म्हणून मुक्काम ठरवण्याआधी तिच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत बरोबर आहे का ते बघ आणि परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या तुमच्या कॉलेजच्या कार्यालयात विचारून घे. रेक्टरांची परवानगीही लागेल.

रूममेटशी भांडू नकोस. तिला यायचं नसेल तर राहू दे. कॉफीच्या दिवशी बिया कुटायला माणूस कमी पडला तर तेवढी हाक मार. आणि सायली, त्या मुलीला एकटीनं जेवायला खरंच आवडत असेल, हीही शक्यता धर. दोन-तीनदा शेजारी बसूनही ती मोबाईलमधून मान वर काढत नसेल तर जागा दे. कदाचित तिच्या जेवणाची वेळ हीच घरच्यांशी बोलायची वेळ असेल. इथिओपियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं आहे, म्हणजे तुमची मेस दुपारी एकला भरते तेव्हा तिच्या घरी साडेदहा वाजलेले असतात. तिची आई कधी मोकळी असते ते तिला विचार आणि ती वेळ सोडून तुझं एम-थ्री घेऊन जा.